माशीघरातली शबाना

किस्से पांढऱ्या माशीसारखे असतात. झाडाकडे नुसतं बघितलं तर काही दिसत नाही, पान उलटलं की मागे अख्खं गाव वसलेलं! आमच्या लॅबचंही तसंच आहे. कुणी विचारलं काय विशेष, तर आम्ही म्हणतो काही नाही, आणि चहा येईपर्यंत चार किस्से सांगून झालेले असतात. हल्ली एकच पंचाईत झाली आहे. प्रत्येक किश्शात शबाना असते आणि लॅबमध्ये ती नसते.

नाशिकला म्हसरूळच्या पुढे आमची लॅब आहे. बोर्डावर लांबलचक इंग्रजी नाव आहे, पण रिक्षावाल्यांपासून सगळे तिला 'माशीघर' म्हणतात. पॉलिहाऊसमधल्या टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरचीवर पांढरी माशी पडते, पानांचा रस शोषते आणि पानं चिकट करून ठेवते. तिच्या पिल्लांच्या अंगात अंडी घालणारी एक गांधीलमाशी असते. नावावर जाऊ नका, ती टाचणीच्या टोकाएवढी असते आणि माणसाला चावत नाही. आम्ही तिला 'बारकी' म्हणतो; शबाना तर सगळ्यांना 'पोरी'च म्हणायची. बारकीचं पोर माशीच्या पिल्लाला आतून खातं, पिल्लू काळं पडतं, आणि त्यातून माशीऐवजी नवी बारकी बाहेर येते. ते काळे ठिपके कार्डावर चिकटवून आम्ही शेतकऱ्यांना देतो. माणसं आम्ही चार. सर, गाडीवाले पोपटमामा, मी आणि शबाना. म्हणजे आता तीन.

*

शबाना नाशिकच्याच द्वारका चौकाजवळ राहायची. तिला बघायला मालेगावहून पाहुणे आले. घरचे पॉवरलूम, माणसं साधी. मुलाच्या आईने विचारलं, बेटी, काम काय करतेस? हिने सांगितलं, पांढरी माशी पाळते. बाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, पाळून काय करता? ही म्हणाली, दुसऱ्या माशीला खायला घालतो. बाईंनी विचारलं, आणि ती दुसरी माशी कुठून आणता?

"ती पण मीच पाळते."

आतल्या दारातून तिची अम्मी हातवारे करून तिला गप्प बसवत होती. कोपऱ्यात बसलेला मुलगा, इम्रान, बशीतला चहा सांडेपर्यंत हसला. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये शबाना मायक्रोस्कोपमधून मान वर न काढता मला म्हणाली, "हसला गं तो. घाबरला नाही." तेव्हाच मला कळलं, हे लग्न होणार.

*

चांदवडच्या एका अण्णांनी ढोबळी मिरचीसाठी कार्डं नेली. काही दिवसांनी फोन आला, माशी जागची हलेना, तुमचा माल खोटा आहे. पोपटमामांच्या गाडीत बसून आम्ही दोघी गेलो. आत बघतो तर झाडांवर एकही कार्ड नाही. सगळी कार्डं दोऱ्यात ओवून पॉलिहाऊसच्या दारावर तोरणासारखी लावलेली!

शबानाने शांतपणे विचारलं, अण्णा, हे असं का?

अण्णा म्हणाले, "राखणदार दारातच बसवायचा ना ओ म्हॅडम. आत बसवून काय उपेग हाय?"

शबाना एकेक कार्ड सोडवून खालच्या पानांच्या सावलीत बांधत सुटली. अण्णा मागे मागे दोरा घेऊन फिरत होते. परत येताना मात्र ती सगळा आग्रा रोड हसत होती, आणि पोपटमामांनी दोनदा गाडी बाजूला घेतली, कारण त्यांनाही हसू आवरत नव्हतं.

*

दिंडोरीकडच्या एका वहिनींचा टोमॅटोचा प्लॉट आहे. टापटीप अशी की पॉलिहाऊसमध्ये चप्पल काढून जावंसं वाटावं. आता टोमॅटोची खालची जुनी पानं काढावीच लागतात, पण बारक्या नेमक्या त्याच पानांवर ठिपक्यांत झोपलेल्या असतात. म्हणून आमचा नियम आहे, काढलेली पानं आठवडाभर झाडाखालीच पडू द्यायची. बारक्या बाहेर आल्या, की मग खुशाल फेका. वहिनींना नियम पाठ होता. पण नेमके घरी पाहुणे यायचे होते, आणि प्लॉटमध्ये पाला पडलेला त्यांना बघवेना. त्यांनी सगळा पाला झाडून खड्ड्यात टाकला.

आम्ही नेमक्या त्याच दिवशी पाहणीला गेलो. शबाना ओढणी कमरेला बांधून खड्ड्यात उतरली. पान उलटायचं, काळे ठिपके दिसले की बाजूला ठेवायचं. सुरगाण्याकडून कामाला आलेली एक मजूर बाईही तिच्या शेजारी येऊन बसली आणि पानं उलटू लागली. तेवढ्यात पाहुणे आले. खड्ड्यातल्या पोरीकडे बघून त्यांनी विचारलं, ही कोण? वहिनी ओशाळून म्हणाल्या, लॅबच्या मॅडम आहेत, त्यांचं काहीतरी हरवलंय.

"काय हरवलं?"

शबाना खालून म्हणाली, "पोरी."

पाहुणे थेट घरात गेले. संध्याकाळी आम्ही निघालो, तेव्हा सगळी पानं पुन्हा झाडांखाली पसरलेली होती.

*

बारक्यांमध्ये नर जवळपास नसतातच. सगळा बायकांचा कारभार! त्यामुळे पॅकिंगच्या दिवसाला आमच्याकडे 'पाठवणी' म्हणतात. हे शबानानेच सुरू केलं. खोकं बंद झालं की ती शेतकऱ्याला फोन करायची. पोरी निघाल्या आहेत, पोचल्यावर उन्हात ठेवू नका, फवारा तर अजिबात मारू नका, आमच्या पोरी नाजूक आहेत. शेतकरीही मग आवाज खाली आणून "बरं बरं" म्हणायचे.

तिच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो. रुखसतीची, म्हणजे तिच्याच पाठवणीची वेळ आली, सगळ्या बायका रडायला लागल्या. पोपटमामा गर्दीतून वाट काढत थेट इम्रानसमोर गेले आणि त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "जावईबापू, लय नाजूक हाय. उन्हात ठेवू नका. अन् फवारा तर अजिबात नाय."

इम्रानला ओ की ठो कळेना. तो आपला "जी, जी" करत राहिला. शबाना रडता रडता अशी हसली की तिच्या मावश्या घाबरल्या. गाडी निघून गेली तरी पोपटमामा रस्त्यातच उभे होते. मला तर हसूही आलं नाही आणि धड रडूही.

*

खरं तर काळजीचं काही कारण नव्हतं. ठरलंच होतं की दोघं द्वारकेला खोली घेणार, इम्रान कापडाची विक्री नाशिकमधून बघणार आणि शबाना लॅबमध्ये येत राहणार. खोलीही बघून झाली होती. तेवढ्यात तिच्या सासूला अर्धांगवायूचा झटका आला. मालेगावच्या घरात दुसरी बाई नाही. शबानाचा फोन आला, "इम्रानच्या अम्मी उठून बसल्या की येते. माझी जागा कुणाला देऊ नका."

सरांनी दिली नाही. पण काम काही थांबत नाही. ठिपके तपासायला दुसरे डोळे हवेच होते. शेवटी सर म्हणाले, तात्पुरती एखादी मुलगी बघ. मुलाखती माझ्याकडे आल्या.

पहिली आली, तिला मी नको म्हटलं. सरांनी कारण विचारलं. मी म्हटलं, सर, ती शिंकते. आमच्याकडे हे कारण चालतं. टेबलावर बारक्या असताना कुणी शिंकलं की निम्म्या गायब होतात. दुसरी आली, तीही शिंकायची. तिसऱ्या मुलीची नजर खरोखर छान होती, हातही हलका होता. सरांनी खिडकीतून सगळं बघितलं होतं. तरी मी गेले आणि म्हटलं, सर, हिलाही सर्दी आहे.

सर म्हणाले, "मनीषा, नाशिकमधल्या सगळ्या शिंकणाऱ्या पोरी तुलाच कशा भेटतात?"

 काय सांगणार? शेजारच्या मायक्रोस्कोपवर मला दुसरं कुणी नको होतं. मला शबाना हवी होती. सरांनी मुलाखती थांबवल्या.

*

गेल्या महिन्यात शबानाचा मेसेज आला, एक कार्ड पाठव. मला वाटलं, मालेगावकडे कुणी गिऱ्हाईक गाठलं हिने. पोपटमामांनी द्वारकेवर मालेगावच्या बसच्या कंडक्टरकडे कार्ड दिलं आणि त्यालाही उन्हात ठेवू नका म्हणून बजावलं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. मागे पॉवरलूमचा खटखटाट चालू होता. मी आधी सासूबाईंची चौकशी केली. म्हणाली, आता बऱ्या आहेत, धरून धरून चालतात, स्वतःच्या हाताने जेवतात. माझा जीव भांड्यात पडला. मी लगेच विचारलं, "मग तू कधी येतेस?"



"मनीषा, मी इथे गच्चीवर वांगी लावलीत," ती म्हणाली. "तुझं कार्ड बांधलं. पोरी बाहेर आल्या आणि उपाशी मेल्या गं. माझ्या वांग्यांवर माशीच नाही. थोडी माशी पाठवशील? पोरी इथेच पाळीन म्हणते."

आमच्या लॅबमधून जिवंत पांढरी माशी बाहेर जाणं म्हणजे महापाप. शेतकऱ्याकडे जी मारायला आम्ही जातो, तीच पाठवायची? खोक्यात एक माशी दिसली म्हणून खुद्द शबानाने एकदा पोपटमामांना सुरू झालेली गाडी बंद करायला लावली होती, सगळी खोकी उतरवून घेतली होती. मी घाबरतच सरांना सांगितलं.

सर उठले. माशीच्या खोलीत गेले आणि बराच वेळ कुंड्या बघत राहिले. मग वांग्याची एक कुंडी उचलून बाहेर आणली. पानांमागे माशी नुसती खच्चून भरली होती. त्यांनी स्वतः कुंडीवर जाळी घातली, दोरी दुहेरी बांधली आणि कुंडी माझ्या हातात दिली. द्वारकेवर मालेगावची गाडी किती वाजता येते, तेही त्यांनीच विचारलं.

मी दारापर्यंत गेले, तेव्हा मागून म्हणाले, "मनीषा, येताना पेपरात तिच्या जागेची जाहिरात देऊन ये."