न हसणारी म्हातारी

मी सिडनीत हॉटेलात भांडी घासतो. सुट्टीला एकटाच डोंगरात गेलो, तेही चपला घालून. अक्कल घरीच राहिली. पोटरीला साप चावला आणि मी बोंबलत पळत सुटलो.

समोरून काठी टेकत एक गोरी म्हातारी आली. "पळू नको, मेट! विष अंगभर जाईल." इथे अनोळखी माणसालाही मेट, म्हणजे दोस्त म्हणतात. तिने मला आडवं पाडलं, पाठपिशवीतली पट्टी पावलापासून मांडीपर्यंत आवळली, काठी पायाला बांधली. मदत बोलवायच्या यंत्राचं बटण दाबलं आणि माझा पाय दोन्ही हातांनी धरून बसली.

भीतीने माझं तोंड थांबेना. म्हटलं, "आजी, साप जगेल ना? माझं रक्त लई तिखट." ती हसली नाही. आणखी दोन जोक टाकले. ओठ घट्टच. वाटलं, झालं, आपण मेलो, म्हणूनच ही हसत नाही.

शेवटी हेलिकॉप्टर आलं. त्यातल्या माणसाने पाय धरला, तशी म्हातारी बाजूला बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"मघाशी हसले असते तर हात हलला असता आणि त्याबरोबर तुझा पायही, मेट."

नाव विचारायचं राहिलंच. हॉटेलात माझ्या जोकला कोणी हसत नाही. मी समजतो, सगळे माझा पाय धरून बसलेत.