स्कूटीचं हाड, पतंगाचं हाड

समाधान तायडे यांनी एकदा एका माणसाच्या धडधाकट पायाला प्लास्टर घातलं आणि मोडका पाय तसाच घरी पाठवला, हे आमच्या मयूर विहारच्या मराठी मंडळात सगळ्यांना माहीत आहे. विश्वनाथ आजोबा सांगतात तेव्हा तो माणूस सोनीपतचा पहिलवान असतो. अलकनंदा काकू सांगतात तेव्हा ती नवरी मुलगी असते आणि लग्न दोन दिवसांवर आलेलं असतं. आजोबा शेवटी "घ्या!" म्हणून थांबतात. काकू "मी नाव नाही हं घेत कुणाचं" म्हणतात, नाव घेऊन झाल्यावर.

यातलं काहीच झालेलं नाही. पहिलवान नव्हता, नवरी नव्हती, पायसुद्धा नव्हता. एक सुटं हाड होतं, टेबलावर ठेवलेलं, आणि समाधान काकांनी उजवं हाड डावं सांगितलं. परीक्षेत. दोनदा.

काका आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतात. मूळचे वाशिमचे. यमुनेअलीकडच्या एका सरकारी हॉस्पिटलात एकोणीस वर्षं प्लास्टर रूममध्ये आहेत, लागले ते अटेंडंट म्हणून. अटेंडंटने प्लास्टर घालायचं नसतं, घालणाऱ्याला मदत करायची असते, असा नियम आहे. घालणारे साहेब बहुतेक वेळा चहाला गेलेले असतात. ते परत येतात, रजिस्टर ओढतात आणि "प्लास्टर कोणी घातलं" या रकान्यात ओळीने सह्या करतात. एकोणीस वर्षांत त्या रकान्यात काकांचं नाव एकदाही आलं नव्हतं. नाव यायचं तर खात्याची परीक्षा पास होऊन प्लास्टर असिस्टंट व्हावं लागतं. तीन संधी मिळतात. लेखी परीक्षा काका दोन्ही वेळा पास झाले, तोंडीत दोन्ही वेळा उडाले. तिसरी संधी गेल्या डिसेंबरात होती.

मी अकरावीला, बायोलॉजी घेतलेली. आई म्हणाली, "जा, काकांना हाडांची इंग्लिश नावं पाठ करून घे. तुझीपण रिव्हिजन होईल." आईला मी दुपारी घराबाहेर हवी असते, हे यामागचं खरं कारण. मी लोकांचे आवाज काढते आणि त्या काळात मी बहुतेक वेळ आईचा काढत होते.

काकांचा आवाज मी आधीच काढत असे. सोपा आहे. खालच्या पट्टीत, झोपेतून उठल्यासारखा: "हिलना नहीं, बस हो गया." हे ते काम सुरू करताना म्हणतात. काहीच झालेलं नसतं, पाणीसुद्धा बादलीत असतं. आणि एक सवय. कुणाचाही हात हातात आला की ते अंगठ्याचं नख दाबून सोडतात आणि पाहतात. नख पांढरं पडून पुन्हा लाल झालं म्हणजे रक्त बोटापर्यंत पोचतंय, प्लास्टर आवळलेलं नाही. प्लास्टर असो नसो, मंडळाच्या हळदीकुंकवाला दारात उभे राहून ते पाहुण्यांशी हात मिळवतात आणि वीस जणांचं रक्त तपासून आत सोडतात.

पहिल्या दिवशी मी वहीतलं चित्र उघडलं आणि गळ्याखालच्या आडव्या हाडावर बोट ठेवलं. "हे?"

"स्कूटीचं."

"काय?"

"स्कूटीचं हाड. स्कूटीवरून पडला की माणूस खांद्यावर पडतो. हे जातं."

"क्लॅव्हिकल, काका. हे?" मी टाच दाखवली.

"पतंगाचं. पंधरा ऑगस्टला दिल्लीतली अर्धी पोरं गच्चीवर असतात. मागे बघत पतंग खेचतात, खाली येतात ते उभे. टाचेवर."

मनगटाजवळचं होतं ई-रिक्षाचं, कारण ई-रिक्षा कलंडली की माणूस हात टेकतो. मांडीच्या हाडाचं वरचं टोक, खुब्यापाशी, ते बाथरूमचं. "सत्तरच्या पुढचे सगळे बाथरूमवाले," काका म्हणाले. दोनशे सहापैकी मोडण्याजोगी जेवढी आहेत तेवढ्यांना नावं होती, आणि एकही नाव पुस्तकात नव्हतं.

आम्ही जोड्या लावल्या. स्कूटी म्हणजे क्लॅव्हिकल, पतंग म्हणजे कॅल्केनियम, ई-रिक्षा म्हणजे रेडियस, बाथरूम म्हणजे फीमरची मान. चार दिवसांत काकांची नावं पक्की झाली. आठवड्याने शाळेत सरप्राइज टेस्ट झाली तेव्हा टाचेचं हाड मला एकटीला आलं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

नावांचा प्रश्न नव्हताच. प्रश्न उजव्या-डाव्याचा होता.

शरीरशास्त्रात उजवं-डावं ज्याचं शरीर त्याचं असतं, बघणाऱ्याचं नाही. पुस्तकातल्या चित्रात यकृत आपल्या डाव्या हाताला दिसतं, पण ते उजवीकडेच असतं, कारण चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो. तोंडी परीक्षेत सुटं हाड हातात देतात. ते स्वतःच्या अंगाला लावायचं, पुढची बाजू पुढे ठेवून, नाव सांगायचं आणि उजवं की डावं ते सांगायचं. आता एकोणीस वर्षं काकांच्या समोर माणूस असतो, त्यांच्याकडे तोंड करून बसलेला. हाडाची पुढची बाजू म्हणजे काकांकडे असलेली बाजू. त्यांच्या हातात सुटं हाड आलं की हात ते आपोआप फिरवतो आणि पुढची बाजू स्वतःकडे घेतो. मग उजवं ते डावं होतं. दर वेळी, आणि ठामपणे.

मांडीचं हाड आम्ही छत्रीचं केलं. समता काकूंची, म्हणजे काकांच्या मिसेसची, जुनी लांब छत्री, वाकड्या मुठीची. मांडीच्या हाडाचं वरचं टोक असंच आत वळलेलं असतं, खुब्याच्या वाटीत बसायला. पुढची बाजू कळावी म्हणून दांड्याला चिकटपट्टी लावायची. पट्टी एका अंगाला लावली की छत्री उजवी, दुसऱ्या अंगाला लावली की डावी. समता काकू ऑफिसातून आल्या की त्यांना खुर्चीत बसवायचं. त्यांच्या मांडीवर धरली की काका क्षणात सांगत.

"उजवी."

"बरोबर. आता स्वतःला लावा."

छत्री फिरे, पट्टी पोटाकडे येई. "डावी."

"काका, छत्री तीच आहे."

"हो ना," काका म्हणत. "आता कशी काय डावी झाली?"

आरसा आणून पाहिला, त्याने आणखी घोळ झाला. काकूंना पाठमोरं बसवलं, तर काका पुढे जाऊन उभे राहिले. "पाठमोरा पेशंट कधी असतो का?" परीक्षेच्या आदल्या रविवारी मी दहा वेळा विचारलं; हात कधी फिरला, कधी मध्येच अडला, सहा वेळा चुकलं. नाणं उडवलं असतं तर पाच वेळा चुकलं असतं.

त्याच दिवशी माझ्याकडून काकांच्या वहीचं शेवटचं पान उघडलं गेलं. पानभर सह्या होत्या. वर मोठ्या, "समाधान तायडे" पूर्ण, मग लहान लहान होत गेलेल्या, शेवटच्या ओळीत "स. तायडे", बोटाच्या पेराएवढी. रजिस्टरचा तो रकाना अरुंद आहे, हे मला समता काकूंनी नंतर सांगितलं. मी पान उलटलं आणि काहीच पाहिलं नाही असा चेहरा केला, तो मला चांगला जमतो.

तरी तोंडातून निघालंच. "काका, तुम्ही तिसऱ्यांदापण उलटंच सांगणार."

"लाव पैज," काका म्हणाले.

"चालेल. मी जिंकले तर मंडळाच्या पानिपतच्या बसमध्ये तुम्ही नक्कल करायची. विश्वनाथ आजोबांची. त्यांच्यासमोर."

"आणि मी जिंकलो तर?"

"तुम्ही सांगा."

काकांनी माझ्या जबड्याकडे पाहिलं, शिंपी कापडाकडे पाहतो तसं. "तर बस इथून निघाली की काला अंब येईपर्यंत तुझं तोंड मी बांधणार. पद्धतशीर. जबडा मोडल्यावर बांधतात तसं."

"अहो, पोर आहे ती," समता काकू म्हणाल्या.

"पोर नाही, पोपट आहे."

परीक्षेत काय झालं ते काकांनीच सांगितलं. त्यांना नक्कल येत नाही. त्यांच्या तोंडी परीक्षक, दुसऱ्या परीक्षक बाई, दारावरचा शिपाई, सगळे वाशिमचेच होतात. म्हणून पुढचे आवाज मी भरले आहेत. शब्द त्यांचे.

टेबलावर मांडीचं हाड होतं.

"बताइए."

"फीमर, सर."

"साइड? अपने ऊपर लगाकर बताइए."

काकांनी हाड उचललं. हात फिरायला लागला तसा त्यांनी तो थांबवला आणि हाड परत टेबलावर ठेवलं.

"सर, आप बैठ जाइए."

"मैं बैठा ही हूँ."

"वहाँ नहीं सर. इधर, मेरे सामने. मरीज टेबल के पीछे नहीं बैठता."

शेजारच्या बाईंना हसू फुटलं. "बैठ जाइए सर, मुफ्त में घुटना भी दिखा लीजिए."

साहेब आले. बसले. काकांनी त्यांचा पाय सरळ केला आणि म्हणाले, "हिलना नहीं, बस हो गया." हाड या मांडीवर धरलं, त्या मांडीवर धरलं. "राइट, सर."

"वो तो मेरा हुआ. नियम अपने ऊपर का है."

काकांचं मागच्या दोन्ही वेळा इथेच गेलं होतं. मग त्यांनी बाईंकडे पाहिलं. प्लास्टर रूममध्ये मोडका पाय नातेवाईकाने वर धरायचा असतो, म्हणजे काकांचे दोन्ही हात मोकळे राहतात. नातेवाईक आणलेला नसेल तर रांगेतला पुढचा पेशंट धरतो.

"मॅडम, जरा पकडिए. ऐसे ही. हिलाइए मत."

बाईंनी हाड होतं तिथेच हवेत धरलं.

"सर, अब आप उठिए."

साहेब उठले. काका वळले आणि त्याच खुर्चीत, त्याच हाडाखाली, जाऊन बसले. हाड जागचं हललं नव्हतं, पुढची बाजू पुढेच होती.

"राइट, सर," काका म्हणाले. "मेरा भी."

दुसरं हाड स्कूटीचं आलं, तेव्हा साहेब न सांगता खुर्चीत जाऊन बसले. एकूण पाच हाडं झाली, पाच वेळा उठबस. बाईंचे हात दुखले असावेत, पण त्या म्हणाल्या, "अगला दीजिए." शेवटी साहेबांनी हात पुढे केला, तो काकांनी घेतला आणि सवयीने अंगठ्याचं नख दाबलं.

"ये क्या देख रहे हो?"

"खून वापस आ रहा है सर. ठीक है."

डिसेंबर संपता संपता यादी लागली. काकांचं नाव होतं. दोन जानेवारीला ई-रिक्षावाली एक बाई आली, डावं मनगट. काकांनी प्लास्टर घातलं, हात धुतले, पुसले आणि रजिस्टर स्वतःकडे ओढलं. रकान्यात सही बरोबर मावली. बाहेर आली नाही. घरी आल्यावर काकांनी एवढंच सांगितलं, आणि समता काकूंनी दोनदा विचारलं म्हणून दोनदा सांगितलं.

चौदा जानेवारीला, पानिपतच्या लढाईच्या दिवशी, सकाळी मंडळाची बस मयूर विहारहून काला अंबला, तिथल्या स्मारकाला, निघाली. काकांनी पिशवीतून दोन क्रेप बँडेज काढली. एक हनुवटीखालून डोक्यावर गेलं, दुसरं कपाळाभोवती. "हिलना नहीं, बस हो गया," असं ते पहिल्या वेढ्याला म्हणाले आणि त्यानंतर बारा वेढे घातले.

"अगं बाई, काय मोडलं हिचं?" अलकनंदा काकूंनी विचारलं.

"मॅन्डिबल," काका म्हणाले. "बोलण्याचं हाड. हे आपोआप मोडत नाही, म्हणून बांधलंय."

काकूंनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला. "घे, गोड बोल."

"काला अंबला बोलेल," काका म्हणाले, आणि तो तिळगूळ त्यांनी खाल्ला.

मुरथलला बस पराठ्यांसाठी थांबली. पैज लावताना मुरथलचा विचार मी केला नव्हता. सगळे लोणी लावून खात होते. विश्वनाथ आजोबा शेजारच्या टेबलावर नव्या सभासदांना सांगत होते की आपल्या तायड्यांनी परीक्षेत खुद्द परीक्षकाच्याच चांगल्या पायाला प्लास्टर घातलं, आणि साहेब अजून काठी घेऊन चालतात.

"घ्या!" आजोबा म्हणाले, आणि थांबले.

दुरुस्ती माझ्याकडे तयार होती, आजोबांच्याच आवाजात. समाधान काका समोर बसून दुसरा पराठा खात होते. त्यांनी माझा हात ओढला, अंगठ्याचं नख दाबलं, पाहिलं आणि सोडून दिलं. पानिपत अजून चाळीस किलोमीटर होतं.