नळातला वारा

आमच्या घराला पाण्याचा मीटर बसला तो वडिलांच्या हट्टापायी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत आमच्या आळीत बहुतेक घरांना ठरावीक पाणीपट्टी यायची. वापर कितीही असो, रक्कम तीच. कचेरीत कारकुनी करणाऱ्या वडिलांना ते सहन होत नसे. "आपण तीन माणसं. भरल्या घराएवढी पट्टी आपण का भरायची? मीटर असला की वापरू तेवढ्याचेच पैसे," ते म्हणत. हिशेब चोख होता. वडिलांचे सगळेच हिशेब चोख असत, आणि त्यातून घरात कधी सुख आल्याचं मला आठवत नाही.

पहिलंच बिल पट्टीपेक्षा बरंच जास्त आलं. वडील कपाळाला आठ्या घालून घरभर हिंडले आणि शेवटी त्यांना समोरच्या चाळीतली बाई दिसली. तिचा नवरा कापडाच्या लूमवर रातपाळी करायचा. चाळीत नळ नव्हता, म्हणून ती रोज आमच्याकडून दोन हंडे न्यायची. हंडे भरेपर्यंत आईशी तिच्या गप्पा चालत. आईचं माहेर खारबावचं, तिची हिंदी म्हणजे देवाची करणी; आणि त्या बाईला मराठीचा गंध नव्हता. तरी दोघी हसून बेजार होत. आळीतल्या बायका आईला खेडवळ समजत. दिवसभरात ती मोकळं बोले ते तेवढंच.

"तिचे हंडे आपल्या बिलात येतात. तिला चौकातल्या नळावर जायला सांग," वडील म्हणाले.

"दोन हंड्यांनी काय होतंय हो?"

"मीटर खोटं बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी आईनं सांगितलं. "हमारे घर में मीटर बैठा है," एवढं म्हणाली आणि पुढची हिंदी तिला सुचेना. ती बाई समजायचं ते समजली. "कोई बात नहीं, भाभी," म्हणत भरलेला हंडा तिनं कमरेवर घेतला आणि दुसरा रिकामाच घेऊन गेली. आई नळापाशी नुसती उभी राहिली. मला वडिलांचा इतका राग आला की रात्री जेवताना मी त्यांच्याशी बोलले नाही.

पुढचं बिलही तेवढंच आलं.

सकाळी पाणी नेमकं कधी येईल याचा भरवसा नसे, म्हणून आम्ही नळ उघडा ठेवून खाली बादली लावत असू. धार पडल्याचा आवाज आला की उठायचं. एकदा मी मीटरजवळ दात घासत होते. नळ नुसता फुसफुसत होता, बादली कोरडी ठणठणीत, आणि मीटरचा काटा गरगर फिरत होता. मी आईला हाक मारली.

"थेंब न्हाय आला अजून," ती हळू म्हणाली, "नि ह्यो फिरतंय."

पाण्याआधी नळातून वारा येतो हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? पण वाऱ्याचेही पैसे लागतात हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती आम्ही.

मग आम्ही शेजारच्या नळाला पाणी आल्याची चाहूल लागेपर्यंत आपला नळ बंद ठेवू लागलो आणि बिल पट्टीच्याही खाली आलं. मीटरनं पैसे वाचतात हे वडिलांचं म्हणणं खरं ठरलं. "आता बोलाव तिला," ते म्हणाले. त्यांच्या परीनं ती माफीच होती.

आई मला घेऊन चाळीत गेली. तोवर ती त्या बाईच्या घरी कधी गेली नव्हती. बाईनं हसून चटई टाकली आणि दारी आलेल्याला द्यावा तसा पाण्याचा पेला आईच्या हाती दिला. कोपऱ्यात चौकातून आणलेले हंडे झाकून ठेवले होते. आईनं पेला संपवला, मग कशीबशी म्हणाली, "अब आओ ना हमारे नल पे."

"अब उधर की आदत हो गई, भाभी," ती गोडीनं म्हणाली.

घरी वडिलांनी विचारलं, "येते का?"

"न्हाय," आई म्हणाली. "मला पाणी दिलं तिनं." आणि ती रडायला लागली.