पूजा झालेली शिडी

आमचं घराणं भिक्षुकीचं. आजोबांबरोबर ती विद्या संपली, वडील कचेरीत कारकून झाले आणि मी बांधकामांवर सुरक्षा बघणारा साहेब झालो. शेंद्र्याला तेव्हा एकामागोमाग एक कारखान्याच्या शेड उभ्या राहत होत्या. दुष्काळ हटत नव्हता. गावात प्यायला पाणी नाही म्हणून माणसं इथं कामाला येत, आणि इथं त्यांना काम मिळे ते टँकरचं पाणी काँक्रीटवर मारायचं. यातली थट्टा कुणाच्या लक्षात येत नव्हती, किंवा येत असेल तर बोलायला कुणाला वेळ नव्हता.

माझं काम म्हणजे दिवसभर तेच तेच सांगणं. शिडीवर चढताना दोन्ही हात मोकळे ठेवा, तोंड शिडीकडे ठेवा, खाली एकानं धरून उभं राहा. लोक मान डोलवत आणि खांद्यावर नळी, हातात बादली घेऊन चढत. बोलून बोलून माझ्या जिभेला फोड यायचे तेवढे बाकी होते.

एकच माणूस ऐकायचा. पिशोरकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. चारा संपला तशी मेंढरं विकून नवरा-बायको दोघं आमच्या साइटवर आले होते. डोंगरात जन्म गेलेल्या माणसाला शिडीची कसली भीती. तरी मी सांगितलं म्हणून तो बूट घालायचा, शिडी आधी हलवून बघायचा आणि मगच चढायचा. मी इतरांना त्याचं उदाहरण द्यायचो, आणि इतर त्याला ‘साहेबांचा जावई’ म्हणून चिडवायचे.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी एका लोखंडी शिडीची वरून तिसरी दांडी मला हलताना दिसली. वेल्डिंग तडकलं होतं. मी खडूनं मोठी फुली मारली, ‘वापरू नये’ असं लिहिलं आणि फिटरला म्हटलं, सकाळी हिचे तुकडे कर, नाहीतर कुणीतरी वापरणारच. फिटर म्हणाला, उद्या नवमी, उद्या लोखंड कापायचं नसतं, परवा दसऱ्याची सुट्टी, त्यानंतर कापू. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर नवमीला शिडी कापणं मलाही बरं वाटेना. साहेब झालो तरी आजोबा अंगातून गेले नव्हते.

नवमीला थाप्या, ओळंबे, फावडी, शिड्या, सगळं धुऊन भिंतीशी मांडलं. एरवी प्यायच्या पाण्यावरून भांडणं होत, पण त्या दिवशी हत्यारांना टँकरचं पाणी सढळ हातानं मिळालं. ती शिडीही कुणीतरी धुतली. खडू वाहून गेला आणि ती बाकीच्या शिड्यांच्या रांगेत उभी राहिली. भटजी मिळाला नव्हता. मिस्त्री म्हणाले, साहेब, हे तर तुमच्या घरचंच काम. मला मनातून गुदगुल्या झाल्या. येत होते तेवढे मंत्र म्हणत मी एकेका हत्याराला हळदकुंकू वाहत गेलो. त्या शिडीपाशी आलो आणि मी तिला ओळखलं. हिला बाजूला काढा म्हणालो असतो तर पूजा थांबली असती, सगळे हात जोडून उभे होते. दसरा झाला की कापायचीच आहे, असं मनाशी म्हणून मी तिलाही कुंकू लावलं आणि झेंडूची माळ घातली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत आठवड्यानं नळाला पाणी आलं. हंडे, बादल्या, पिंप भरून निघेपर्यंत मला तासभर उशीर झाला. पोचलो तेव्हा त्या पिशोरकडच्या माणसाला टेम्पोत घालून नेलेलं होतं. टाकीत पाणी किती उरलंय ते बघायला तो वर चढला होता. तीच शिडी, वरून तिसरी दांडी निखळलेली, खाली आडवी पडली होती आणि शेजारी त्याचे बूट नीट जोडून ठेवलेले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की कंबरेखाली आता जीव येणार नाही. मी त्याला विचारलं, रोज शिडी हलवून बघायचास, त्या दिवशी का नाही बघितली. बूट का काढलेस.

“तुमीच पूजा केली व्हती ना तिची,” तो म्हणाला. “पूजेच्या शिडीवर बूट घालून कसं चढावं, साहेब? म्हनून तर बिनघोर चढलो.”

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. उशाशी बसलेली बायको त्याच्या तळपायाला तेल लावायला उठली, आणि लावत राहिली. मला तिथं थांबवेना.

चौकशीच्या कागदावर मी लिहिलं की शिडीवर ‘वापरू नये’ अशी खूण केली होती आणि कामगाराच्या पायात बूट नव्हते. दोन्ही खरं होतं. पूजेचं मी लिहिलं नाही. माझी नोकरी राहिली. याची मला अजून लाज वाटते, आणि लाज वाटून त्याचे पाय काही परत आले नाहीत.

पुढच्या वर्षीही पाऊस झाला नाही. बायको त्याला झोपडीत निजवून एकटीच कामावर येऊ लागली. नवमी आली तेव्हा मिस्त्रींनी मला बोलावलं, मी नाही म्हणालो. पूजेऐवजी सगळ्यांदेखत एकेक शिडी हातोडीनं ठोकून तपासली आणि पुन्हा तेच सगळं सांगितलं. मिस्त्री त्यानंतर माझ्याशी धड बोलले नाहीत.

दसरा झाल्यावर ती डोक्यावर घमेलं घेऊन शिडीपाशी आली आणि थांबली. मला बरं वाटलं, हलवून बघणार म्हणून. तिनं कनवटीची पुडी काढली, पहिल्या दांडीला कुंकू लावलं आणि चपला काढल्या.

मी म्हटलं, बाई, हे नका करू, आधी हलवून बघा.

“यंदा तुमी पूजा केली नाय, साहेब,” ती म्हणाली. “म्हनून मीच केली.”

एक हात घमेल्याला, एक हात शिडीला, अशी ती चढू लागली. खाली धरायला कुणी नव्हतं, म्हणून मी धावत जाऊन शिडी धरली. तिच्या चपला माझ्या पायाशी होत्या, नीट जोडून ठेवलेल्या.