मोटारीतून निघालेली पट्टी

धंतोलीच्या दवाखान्यातून भाच्याचा फोन आला, तेव्हा मी पालक चिरत होते. "बाबा गेले," एवढंच म्हणाला. मी भाजी झाकून ठेवली आणि निघाले. रडले नाही. माझ्या या धाकट्या भावापायी, वसंतापायी, माझ्या पोटात जन्मभर भीतीच राहिली.

वसंता इतवारीत कापडाच्या दुकानात नोकरीला. ऐपत नसताना त्यानं एक जुनी विलायती मोटार घेतली. ती उंच. आमच्या मायचे गुडघे धरलेले. तिला आत बसवायला दोन माणसं लागत. माय चिडायची, "मले पोत्यावानी उचलू नका गा. रामटेकले जाईन तं आपल्या पायानं चढीन, आपल्या पायानं उतरीन."

गाडीची उंची कमी करून द्यायला गॅरेजवाल्यानं जे मागितलं, ते वसंताजवळ नव्हतं. त्यानं अंगणात विटा रचून गाडी वर घेतली आणि मागच्या चाकांवरच्या, पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या दोन्ही स्प्रिंगांमधली एकेक पट्टी काढून टाकली. गाडी चार बोटं खाली बसली. माय आधी बूड टेकवून, मग एकेक पाय आत घेऊन, कोणाचा हात न धरता बसली.

मी म्हटलं, "बनवणाऱ्यानं त्या पट्ट्या काहून टाकल्या होत्या मग? शोभेले?"

"तू भाजी चीर वं बाई." थोरली म्हणून वसंता मला बाईच म्हणे.

चांगलं पोलाद वाया घालवणं आमच्या घरात पाप. त्याच आठवड्यात वसंतानं लोहाराकडून एका पट्टीची मला विळी करून आणली, दुसरीचा कोयता. गाडी मात्र त्यानं रिकामीच चालवून पाहिली होती.

रामटेकला निघालो तेव्हा पुढे वसंताजवळ त्याची बायको, मागे माय, मी आणि डब्यांची टोपली. दर खड्ड्याला खालून खर्रकन आवाज येई. दर्शन झालं. गडावरून उतरताना वळण आलं, वसंतानं ब्रेक दाबला... गाडी थांबली नाही. त्यानं परत परत दाबला. मी मागे बसून तळाच्या पत्र्यावर पाय रोवला, जसा काही ब्रेक माझ्याच पायाखाली होता.

"काय झालं गा?"

"बोलू नको बाई. मायले धर."

त्याचा आवाज ऐकून मी मायला कवटाळलं. एका बाजूला दरी. त्यानं गिअर खाली पाडला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. दगड दारावर खडखडत गेले. मायची नखं माझ्या मनगटात रुतली... मग गाडी थांबली.

वसंतानं खाली वाकून पाहिलं. ओझ्यानं गाडी दबून ब्रेकची नळी चेपली, फुटली होती. माय आपल्या पायानं उतरली. दरीकडे पाहून म्हणाली, "उद्याच्या उद्या पट्ट्या परत टाक."

वसंता माझ्याकडे पाहू लागला. "एक बाईच्या सैपाकघरात आहे, माय."

मायनं त्याला तिथंच थोबाडीत मारली. पुढं नळी नवी टाकली, पट्ट्यांच्या जागी, गाडी खालीच राहील पण ओझ्यानं पार दबणार नाही असे, सागाचे ठोकळे बसवले. माय त्याच गाडीत बसत राहिली, कारण तीत तिला कोणी उचलत नसे. ती दोघं बाहेर गेली की गल्लीच्या तोंडाशी तो खर्र आवाज येईपर्यंत मी दारात उभी असे. माय शेवटी अंथरुणातच गेली. गाडी भंगारात गेली. भीती गेली नाही.

दवाखान्यात शेवटची भेटले तेव्हा वसंतानं विचारलं, "विळी चालते ना वं?"

"तुझ्या गाडीपेक्षा बरी चालते."

हसताना त्याला खोकला लागला.

पात्यात स्प्रिंगच्या बोल्टाचं भोक अजून आहे. रोज भाजीला बसते, विळीच्या फळीवर पाय ठेवते, आणि चिरायला लागतो त्याहून जास्त जोरानं, त्या दिवशी गाडीत रोवला तसा, दाबून धरते.