बशीत धडधडणारं माझं काळीज

वडील गेले तेव्हा मी सहावीत होते. केनवड गावाजवळच्या आमच्या मळ्यात वांगी तोडता तोडता ते खाली बसले आणि उठलेच नाहीत. कारण कोणालाच कळलं नाही. पुढे मी शिक्षिका झाले. पस्तिशीत शाळेचा जिना चढताना दम लागू लागला, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाचा स्नायू कमजोर आहे, आणि हा दोष बहुधा वडिलांकडून आला असावा.

तिथंच एक तरुण संशोधक बाई भेटल्या. त्यांना माझ्या रक्ताचा नमुना हवा होता. आई सोबत होती.

“आजून रक्त कायले पायजे?” तिनं विचारलं.

बाईंनी न कंटाळता समजावलं. रक्तातल्या पेशी प्रयोगशाळेत पुन्हा अगदी सुरुवातीच्या अवस्थेत नेता येतात, शरीराचा कुठलाही भाग होऊ शकतील अशा. मग त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी वाढवायच्या.

“मंग हिले नवं काळीज भेटन?”

“नाही काकू. यांना स्वतःला कदाचित काहीच फायदा होणार नाही. पण आजार कसा वाढतो, त्यावर कोणतं औषध चालेल, हे त्या पेशींवर तपासता येईल.”

मला वाटलं, आता आई नको म्हणेल. पण तिनंच माझी बाही वर सारली. “हिच्या बाबाले काय झालं थे कोनी पाह्यलंच नाही. घ्या बाई.”

पुढच्या वर्षी तपासणीला गेलो, तेव्हा बाईंनी आम्हाला एका पडद्यासमोर बसवलं. काचेच्या बशीतला फिकट पेशींचा एक पुंजका त्यावर दिसत होता. तो आकसायचा, सैल व्हायचा, पुन्हा आकसायचा.

“हे हिचंच होय?”

“यांच्याच रक्तापासून केलेलं.”

आईनं माझं मनगट घट्ट धरलं आणि ती रडू लागली. वडील गेल्यावर तिला असं रडताना मी पाहिलंच नव्हतं.

मी आज चालती-फिरती आहे ती रोजच्या गोळ्यांमुळे. हे बाईंनीच मला वारंवार सांगितलं, खोटी आशा कधी लावली नाही. त्यासाठी मी त्यांची फार ऋणी आहे. माझ्या तपासण्यांतून नेमका दोष सापडला, म्हणून मोठ्या भावालाही तपासलं. त्याच्यातही तो निघाला आणि दम लागायच्या आधीच औषध सुरू झालं. वडील गेले ते वय भावानं कधीच ओलांडलंय.

आई मात्र बाजारात गिऱ्हाइकांना भाजी मापून देता देता अजून सांगते, “आमच्या पोरीचं काळीज दोन जागी धडधडून राह्यलं, बाप्पा!”