डबाभर लाल चिठ्ठ्या

२०२३ साल. माहं वय एकाहत्तर. वाशीमच्या एका मोठ्या हॉलात दीडशे माणसायसमोर मी हात जोडून उभा होतो, आन सारा हॉल हसून राह्यला होता. त्यायच्यासंगं मीही हसत होतो. सगळ्यात जास्त लाज मले त्याचीच वाटते.

ते संमेलन मोबाईलचे ॲप बनवणाऱ्यायचं होतं. माहं वावर आसेगावच्या शिवारात, टमाटे-वांगे लावतो. एका कंपनीच्या सायबानं माह्या वावरात एक काडी गाडली होती. सेन्सर म्हणतात तिले. ती मातीतली ओल पाह्यते, आन मोबाईलवर निरोप येते, पाणी द्या, नाही तर थांबा. सायेब म्हणे, "बाबा, वापरणारे तुम्ही. तुम्हीच येऊन सांगा." गळ्यात पट्टा घातला. पट्ट्यावर लिवलं होतं, वक्ता. माही शाळा दुसरीपर्यंत. अक्षर अक्षर धरून तो शब्द म्या तीनदा वाचला.

स्टेजवर मी खरं तेच सांगतलं. काळी जमीन सुकली का तिले भेगा पडतात. काडी भेगेत येते, तिले हवा लागते. ती म्हणते कोरडं, खाली मुळं तर ओली. मोबाईल म्हणे पाणी द्या. म्या दिलं. चार सऱ्यायतले टमाटे मुळापासून सडले. एवढंच बोललो. खाली उतरलो.

दारात काचेचा डबा ठेवला होता. बाजूले हिरव्या, पिवळ्या, लाल चिठ्ठ्या. भाषण झालं का चहाले जाताना एक चिठ्ठी डब्यात टाकायची. मागं मत लिवायचं. नाव लिवायचं नाही. कोणता रंग कायचा, ते मले कोणी सांगतलं नव्हतं. विचारायची मले गरजही वाटली नाही. चाळीस वर्षं टमाटे तोडले म्या.

चहा झाल्यावर डबा स्टेजवर आणला. लालभडक. माईकवाली पोरगी म्हणाली, "आजोबांना बघा काय मिळालंय!" मी उठलो. हात जोडले. म्हणलं, "लय उपकार पोरायहो. हिरवं असते ते कच्चं. लाल म्हणजे पिकलं."

हॉल फुटला. लोकं बाकावर हात आपटून हसले. मले वाटलं, खुश झाले. मीही हसलो.

मंग ती पोरगी वाकली. माईक तिच्या हातात चालूच होता. म्हणे, "आजोबा, लाल म्हणजे नाही आवडलं."

मी खाली बसलो.

तिनं मागचं लिवलेलं वाचून दाखवलं. एकीवर होतं, भाषा कळली नाही. विषय टेक्निकल नव्हता. आजोबांना चहाच्या वेळेला ठेवा, मजा येईल. आन एक, सेन्सर चुकत नाही, वापरणारा चुकतो.

उठून जावं वाटलं. जाऊ कसा? पह्यल्या रांगेत मधोमध खुर्ची. समोर टेबल, गुडघ्याले लागलेलं. दोन्ही हाताले पाहुणे. घरी जायची जीप सायबाची, आन ती शेवटच्या भाषणानंतर. वक्ता म्हणून मले द्यायची मानाची शालही शेवटीच होती. चार तास मी तिथं बसलो. जो चढे तो पह्यलं मलेच धरे. "मला आजोबांसारखं पिकवू नका." हसणं. दुसरा चढे. पुन्हा तेच. मी समोर पाहून राह्यलो. मान खाली घातली असती तर त्यायनं तेही पाह्यलं असतं. पट्टा काढायचं मनात आलं. हात वर गेला नाही.

चार तासात एकानंही विचारलं नाही, बाबा, भेगा किती खोल पडतात?

संध्याकाळी शालीसाठी नाव पुकारलं. चढलो. सायबानं शाल उघडली. माह्या चिठ्ठ्यायचा डबा अजून स्टेजवरच होता, म्या त्यात हात घातला. मले तीच चिठ्ठी पायजे होती. पाच-सात पाह्यल्या, मंग सापडली. माईकसमोर वाचली. मले वेळ लागते. से. न्स. र. सारे थांबले. पुरी वाचली. मंग विचारलं, "हे कोणं लिवलं? उभा राह्य."

कोणी उठलं नाही.

"म्या तोंड दाखवून, नाव सांगून सांगतलं. तुमी शिकलेले. तुमाले नावाची काहून लाज वाटते? माहं काय चुकलं, ते एकानं सांगा. मंग घेतो शाल."

शाल सायबाच्याच हातात ठेवून मी खाली आलो.

जीपमध्ये सायेब म्हणे, "बाबा, मनावर घेऊ नका. फीडबॅक सगळ्यांनाच मिळतो."

"तुमाले किती लाल भेटल्या?"

तो बाहेर पाहू लागला. मंगरूळपीर मागं पडल्यावर हळूच म्हणे, "रागात सेन्सर मात्र काढू नका. तुमच्या शेताचे आकडे आम्हाला पुण्याला दाखवायचे आहेत."

तवा डोक्यात उजेड पडला. माह्या वावराचा आकडा यायले पायजे. माहं बोलणं नाही पायजे. जमीन माही, ओल माही, सडलेले टमाटे माहे. अक्कल तेवढी त्यायची.

घरी बुढीनं विचारलं, "काय म्हणे लोकं?"

"हसले."

"मंग?"

"मंग काय. सकाळी वाशीमले जातो."

सकाळी सब्बल घेऊन वावरात गेलो. काडीच्या चारी बाजूनं खोदलं. तोडली नाही, वाकवली नाही. त्यायची वस्तू हाय. पोत्यात गुंडाळली, पह्यली एसटी धरली, आन वाशीमले सायबाच्या ऑफिसात त्याच्या टेबलावर ठेवली.

म्हणलं, "आजपासून माह्या वावराचा आकडा बंद. ज्याले पायजे, त्यानं बांधावर यावं. भेगेत हात घालून पाहावं. मी सांगीन ते माह्या नावानं लिवावं, खाली स्वतःचंही नाव लिवावं. नाही तर येऊ नये."

सायेब उभा राह्यला. खुर्ची पुढं सरकवली. "बाबा, बसा तर खरं."

मी बसलो नाही.